भुताचे तोंड

दिवाळीच्या अंकात भुतांचा विषय काढला म्हणून घरातील वडील मंडळी नाक मुरडतील, ह्याची मला कल्पना आहे. दारात पणत्या लागल्या आहेत, फराळाची ताटे शेजारीपाजारी फिरत आहेत, आणि हे मास्तर भुताखेतांच्या सिनेमांची गोष्ट काय घेऊन बसले, असे त्यांना वाटेल. माझ्या बाजूने एवढेच सांगतो, की केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजात एम. आर. जेम्स नावाचे एक गाढे पंडित होते; जुन्या हस्तलिखितांचे जाणकार, पुढे ईटनच्या शाळेचे प्रमुख झालेले. हे गृहस्थ नाताळच्या दिवसांत मित्रांना आपल्या खोलीत जमवीत आणि मेणबत्तीच्या उजेडात स्वतः लिहिलेली भुताची गोष्ट वाचून दाखवीत. बाहेर थंडी आणि काळोख, आत चार माणसे आणि एक दिवा. भ्यायला ह्याहून सुरक्षित जागा कोणती?

ह्याच जेम्ससाहेबांच्या एका गोष्टीवरून १९५७ साली इंग्लंडात एक चित्रपट निघाला आणि भयपटांच्या शौकिनांत एक भांडण जुंपले, ते आजतागायत मिटलेले नाही. त्याचीच हकीकत सांगावयाची आहे. पण आधी आमच्या घरातले भांडण सांगतो, कारण दोन्ही भांडणे मुळात एकच आहेत असे मला अलीकडे वाटू लागले आहे.

माझे आजोळ कोकणात. मे महिन्याच्या सुटीत आम्ही पाच-सहा नातवंडे तेथे जमत असू. घरात वीज होती, पण संध्याकाळची ती हमखास जाई, आणि मग ओटीवर कंदील लागला की आजीला गोष्टीसाठी गळ पडे. तिच्या पोतडीत मुंजा होता, गिऱ्हा होता, चकवा होता. पण आम्हांला हवी असे ती विहिरीतल्या बाईची गोष्ट. परगावाहून रात्रीचा परतणारा एक वाटसरू तहानेने व्याकूळ होऊन विहिरीशी थांबतो, रहाटाला कळशी लावून खाली सोडतो, आणि ओढू लागतो तो कळशी जड लागते. तो जोर करून ओढतो. कळशी वर येते, तर तिच्या काठाला दोन ओले हात घट्ट धरलेले. हातांच्या मागे पाण्याने चिकटलेले केस. "आणि मग," आजी म्हणे, "तिने तोंड वर केलं."

गोष्ट तेथे संपे. माझा मावसभाऊ दर खेपेला विचारी, "पण तोंड कसं होतं गं आजी?" आजी म्हणे, "रात्रीचं तोंड सांगू नये. निजा आता." मी पांघरूण डोक्यावर ओढून घेई. माझी पाचावर धारण बसलेली असे, आणि खरे सांगावयाचे तर मी मनातून खूश असे. मावसभाऊ मात्र चिडे. आजी फसवते, असे त्याचे म्हणणे. आज आम्ही दोघांनीही चाळिशी ओलांडली आहे; तो मुंबईस नोकरी करतो, मी तालुक्याच्या गावी मुलांना शिकवतो. दोघेही भयपटांचे वेडे. सुटीत भेटलो की एखादा जुना चित्रपट लावून बसतो, आणि संपला की भांडतो. ज्याला हे चित्रपट आवडतच नाहीत त्याचे ह्या बाबतीत कोणाशीच वैर नसते. भांडण लागते ते प्रेम करणाऱ्यांचे.

आता त्या १९५७ सालच्या चित्रपटाकडे वळतो. त्याचे नाव 'नाइट ऑफ द डीमन'. अमेरिकेत तो काही मिनिटांनी कापून 'कर्स ऑफ द डीमन' ह्या नावाने दाखवला गेला. कार्सवेल नावाचा एक मांत्रिक आहे. जो त्याच्या वाटेस जाईल त्याच्या हाती तो नकळत कागदाची एक चिठ्ठी सरकवतो. तीवर प्राचीन लिपीतील अक्षरे. ती चिठ्ठी ज्याच्यापाशी राहील तो ठरलेल्या दिवशी मेलाच म्हणून समजावे. सुटकेचा मार्ग एकच, चिठ्ठी ज्याची त्याला परत करावयाची आणि तीही त्याच्या हातांनी घ्यायला लावून. अमेरिकेहून आलेला हॉल्डन नावाचा मानसशास्त्रज्ञ ह्या फेऱ्यात सापडतो. भुताखेतांवर त्याचा काडीचा विश्वास नाही. हा कार्सवेल कोणी अघोरी नव्हे. आपल्या म्हाताऱ्या आईबरोबर मोठ्या घरात राहणारा, गोड बोलणारा, लठ्ठसा गृहस्थ आहे. एका प्रसंगी तो विदूषकाचा वेष करून गावातल्या मुलांना जादूचे खेळ दाखवीत असतो, आणि बोलता बोलता, केवळ हॉल्डनला प्रचीती यावी म्हणून, वादळ उठवतो. खुर्च्या उलथतात, मुले किंचाळत घराकडे पळतात. ह्या प्रसंगात एकही भूत नाही. सबंध चित्रपटात मला तोच सर्वांत भयंकर वाटतो.

पण भूत आहे. चित्रपट सुरू होऊन थोडाच वेळ झालेला असतो, तोच झाडांच्या वर धुराचा लोट दिसतो आणि त्यातून शिंगाचे, सुळ्यांचे, डोंगराएवढे एक तोंड पडदाभर पुढे येते. शेवटीही आगगाडीच्या रुळांवर ते पुन्हा येते. दिग्दर्शक झाक तूर्नर ह्याला हे नको होते. राक्षस क्षणमात्र चमकावा, इतका की प्रेक्षकाने शेजाऱ्याला विचारावे, तुला काही दिसले का रे, असा त्याचा बेत होता. निर्माता हॅल चेस्टर ह्याने राक्षस ठसठशीत दाखवण्याचा हट्ट धरला आणि तोच खरा केला. तूर्नर आणि पटकथाकार चार्ल्स बेनेट दोघांनीही पुढे ह्याबद्दल जाहीरपणे हळहळ आणि संताप व्यक्त केला. तेव्हापासून शौकिनांत दोन तट आहेत. एक म्हणतो, एका पैसेवाल्याने एका उत्तम चित्रपटाच्या तोंडाला रबरी मुखवटा बांधला. दुसरा म्हणतो, तो मुखवटाच आम्हांला लहानपणापासून आठवतो. भित्तिपत्रकावरही तोच होता.

मी पहिल्या तटातला, हे निराळे सांगावयास नको. पण मावसभावाचा युक्तिवाद मी प्रामाणिकपणे मांडतो, कारण तो टाकाऊ नाही. तो म्हणतो, "राक्षस आधीच दाखवला म्हणूनच मजा आहे. हॉल्डन चित्रपटभर हसतो, मान उडवतो, आणि आपल्याला ठाऊक असतं की तो चुकतोय. आपण पाहिलंय, त्यानं पाहिलेलं नाही. दाखवलं नसतं तर आपणही त्याच्यासारखेच दीडशहाणे राहिलो असतो." शिवाय तो जेम्ससाहेबांनाच माझ्या अंगावर घालतो. मूळ गोष्टीत एके रात्री नायक उशीखाली हात घालतो आणि त्याच्या बोटांना एक तोंड लागते, दात असलेले आणि भोवती केस असलेले. "मग हे दाखवणंच झालं की नाही?" मी म्हणतो, ते लागते, दिसत नाही. येथे चहा येतो आणि वाद तात्पुरता थांबतो.

तूर्नरची ही आवड कोठून आली हे पाहू गेले तर आणखी पंधरा वर्षे मागे जावे लागते. १९४२ साली हॉलिवूडची आर.के.ओ. कंपनी पैशाच्या ओढगस्तीत होती. तिने व्हॅल ल्यूटन नावाच्या, रशियातून लहानपणी अमेरिकेत आलेल्या लेखकाला भयपट काढण्यासाठी नेमले. अटी अशा की खर्च दीड लाख डॉलरच्या आत, लांबी सव्वा तासाच्या आत, आणि चित्रपटाचे नाव कंपनी सांगेल ते. पहिले नाव मिळाले 'कॅट पीपल', म्हणजे मांजरमाणसे! ह्या नावाचे कोणीही काय केले असते? एका नटीला केसाळ कातडे चढवले असते. ल्यूटनने तूर्नरला हाताशी घेतले आणि कातड्याला फाटा दिला. आपण प्रेमात वा मत्सरात पडलो की आपला काळा बिबट्या होतो, अशी जिची समजूत आहे अशा एका एकाकी परदेशी स्त्रीची ती कथा झाली. तिच्या नवऱ्याची मैत्रीण रात्री तळघरातील तलावात पोहत असते. छतावर पाण्याच्या प्रकाशाच्या लहरी, भिंतीवर एक सावली, कोठूनसा गुरगुराट. दुसरे काही नाही. दुसऱ्या एका प्रसंगी तीच मैत्रीण निर्मनुष्य रस्त्याने चालली आहे. मागे टाचांचा आवाज, मग तोही थांबतो. ती पळू लागते, आणि एकदम फिस्कारत पडद्यावर येते ती बस! थिएटरातली माणसे खुर्चीतून उडाली. आज प्रत्येक भयपटात खिडकीवर मांजर आदळते किंवा दार धाडकन वाजते, त्या सर्वांची आजी ही बस होय. मौज अशी की जे सूचकतेचे देवस्थान म्हणून पूजले जाते तेथूनच दचकवण्याच्या धंद्याचाही उगम झाला.

तेथेही कंपनीचे वरिष्ठ आडवे आलेच. कचेरीतल्या एका प्रसंगात खरा बिबट्या दिसला पाहिजे, असा त्यांनी आग्रह धरला आणि तो घालावा लागला. तूर्नरने त्याला होईल तितका सावल्यांत ठेवला. चित्रपट तुफान चालला. हे महत्त्वाचे आहे. शौकीन मंडळी नेहमी म्हणतात, की सामान्य प्रेक्षकाला सगळे उघडे करून दाखवावे लागते, सूचक ते आम्हां मोजक्यांसाठी. इतिहास तसे सांगत नाही.

उलट बाजूचाही एक दाखला आहे, आणि तो माझ्या तटाला अडचणीचा आहे. १९३१ च्या 'फ्रँकेन्स्टाइन'मध्ये बोरिस कार्लॉफने रंगवलेला राक्षस तळ्याकाठी एका लहान मुलीबरोबर खेळतो. दोघे पाण्यात फुले टाकतात, फुले तरंगतात. फुले संपतात, तेव्हा राक्षस मुलीलाच उचलून पाण्यात टाकतो. तीही फुलासारखी तरंगेल अशा भाबड्या समजुतीने. हा तुकडा क्रूर म्हणून कापला गेला. राक्षसाचे हात मुलीकडे जातात आणि दृश्य तुटते. पुढे एकदम बाप मुलीचे प्रेत घेऊन गावातून चालतो. मधे काय घडले असेल? पाहणाऱ्याने आपल्या मनाने भलभलते काही भरले. किती दशके! तो तुकडा पुढे सापडून जोडला गेला तेव्हा लोकांना कळले, की त्या बिचाऱ्याच्या मनात पाप नव्हते. कात्रीने त्याला नराधम केले होते. दाखवण्याने तो पुन्हा बालक झाला. मावसभाऊ हा दाखला मला वर्षातून एकदा तरी ऐकवतो.

आपल्याकडे ह्या वादाला निराळे वळण लागले. १९४९ च्या 'महल'मध्ये अशोककुमारला झोक्यावर दिसणारी मधुबाला, १९६२ च्या 'बीस साल बाद'मधील रात्रीचे ते गाणे, ह्यांनी देश झपाटला; पण शेवटी भूत म्हणजे माणूसच निघाले. येथे तोंड दाखवले जात होते, फक्त ते भुताचे नव्हते. पुष्कळांना हायसे वाटले आणि जे खरे भुताचे भक्त ते हात चोळीत बाहेर पडले. मग आले रामसे बंधू. त्यांच्या वडिलांचा 'एक नन्ही मुन्नी लडकी थी' हा १९७० चा चित्रपट पडला, परंतु त्यात पृथ्वीराज कपूर भयंकर मुखवटा चढवून चोरी करतात त्या एका प्रसंगाला लोक दाद देत आहेत, हे मुलांच्या नजरेने टिपले. धागा सापडला. १९७२ साली सारे कुटुंब महाबळेश्वरी जाऊन 'दो गज़ ज़मीन के नीचे' करून आले, आणि १९८४ च्या 'पुराना मंदिर'मधील सामरीने तर लहान गावांतल्या थिएटरांचा गल्ला भरला. सुशिक्षितांनी नाके मुरडली. मीही मुरडतो, परंतु १९९३ साली ह्याच रामशांची मालिका झी वाहिनीवर लागली तेव्हा शेजाऱ्यांच्या घरी दाराशी बसून ती मी पाहिली आहे, आणि घरी परतताना पिंपळाखालून धावत सुटलो आहे. ते मुखवटे रबरी आहेत हे मला तेव्हाही दिसत होते.

भरतमुनींनी आठ रसांत भयानक आणि बीभत्स हे दोन वेगळे मांडले; एकाच्या मुळाशी भय, दुसऱ्याच्या मुळाशी जुगुप्सा. अठराव्या शतकात भयकादंबऱ्या लिहून गाजलेल्या अ‍ॅन रॅडक्लिफबाईंनीही जवळपास असाच भेद केला होता. त्यांचा लेख त्यांच्या निधनानंतर १८२६ साली छापला गेला. शौकिनांचा तंटा ह्या दोन रसांचा आहे, असे म्हणून विद्वान लोक मोकळे होतात. पण मला ते पुरेसे वाटत नाही. दोन रस भांडत नाहीत, भांडतात माणसे.

१९९९ च्या जुलै महिन्यात अमेरिकेत जे घडले ते पाहा. १९६३ साली रॉबर्ट वाइज ह्या दिग्दर्शकाने, जो ल्यूटनच्याच हाताखाली तयार झाला होता, 'द हॉन्टिंग' हा चित्रपट केला होता. त्यात एक लाकडी दार श्वास घेतल्यासारखे फुगते, आणि काळोखात मैत्रिणीचा हात घट्ट धरून पडलेल्या नायिकेला दिवा लागल्यावर दिसते, की मैत्रीण तर खोलीच्या पलीकडल्या टोकाला आहे. भूत दिसत नाही. त्याच कथेचा नवा अवतार १९९९ साली सुमारे ८ कोटी डॉलर खर्चून काढण्यात आला आणि संगणकाच्या साहाय्याने त्यात घरच्या घर जिवंत केले. शौकिनांनी कपाळाला हात लावला. त्याच महिन्यात, आठच दिवसांच्या अंतराने, 'ब्लेअर विच प्रोजेक्ट' देशभर लागला. तीन तरुण एका चेटकिणीवर माहितीपट करण्यासाठी जंगलात जातात, परत येत नाहीत. त्यांनी घेतलेले चित्रण तेवढे सापडते. नटांनी स्वतःच कॅमेरे धरलेले, मूळ खर्च काही हजार डॉलरांच्या घरातला, आणि चेटकीण अखेरपर्यंत दिसत नाही. शेवटी एक मुलगा तळघराच्या कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून उभा असतो, एवढेच. जगभर ह्याने २४ कोटी डॉलरांहून अधिक मिळवले.

म्हणजे माझा तट जिंकला की! पण तसे झाले नाही. अमेरिकेत चित्रपट पाहून बाहेर पडणाऱ्यांकडून गुण घेण्याची पद्धत आहे. ह्या चित्रपटाला मिळाला 'सी प्लस'. आम्हां मास्तरांच्या भाषेत काठावर पास. निम्मे लोक गाडीत बसायला घाबरत होते आणि निम्मे पैसे परत मागण्याच्या बेतात होते. ज्यांनी तीस वर्षे 'दाखवू नका, दाखवू नका' असा घोष केला त्यांच्यातलेही कित्येक म्हणाले, ह्यात आहे काय? काड्या आणि दगड.

ह्याचे कारण मला माझ्या वर्गात सापडले. सहलीच्या रात्री मुलांना मी एक भुताची गोष्ट सांगितली. संपल्यावर मुले माझ्याकडे पाहीनात, एकमेकांकडे पाहू लागली. पहिला जो हसला तो शूर ठरला, आणि मग सगळेच हसले. कोपऱ्यात एक मुलगा हसला नाही. दुसऱ्या दिवशी बसमध्ये त्याची चेष्टा चालली होती. विनोद ऐकून हसू आले नाही तर आपण विनोदाला नावे ठेवतो, आपल्याला त्यात मोठेपणा वाटत नाही. परंतु ज्या भुताला सारे भ्याले त्याला आपण भ्यालो नाही, की छाती चार बोटे फुगते. भयपटाच्या जुन्या शौकिनाला तर ही संधी सोडवतच नाही. शेकडो चित्रपट पाहून त्याची कातडी निबर झालेली असते आणि त्या निबरपणालाच तो जाणकारी समजतो. चित्रपट जितका लोकप्रिय तितके भ्यालेले लोक अधिक, आणि तितका न भिण्याचा मान मोठा. दुसरीकडे, जो खरोखर भ्याला आहे त्याला वाटते, की हे लोक चित्रपटाला हसत नाहीत, मला हसत आहेत. मग तो तावातावाने चित्रपटाची बाजू घेतो. वरवर चर्चा चालते कॅमेऱ्याची आणि मुखवट्याची.

हे मी मावसभावाला ऐकवले तेव्हा तो म्हणाला, "तू मला शूर समजतोस होय?" हा प्रसंग २०२४ च्या सप्टेंबरातला. गणपतीहून परतताना मी त्याच्याकडे मुंबईस दोन दिवस राहिलो होतो. 'तुंबाड' तेव्हा थिएटरांत पुन्हा लागला होता. २०१८ साली पहिल्यांदा आला तेव्हा झाली त्याहून कितीतरी अधिक गर्दी ह्या दुसऱ्या खेपेला झाली. आपल्या नारायण धारपांच्या कथेचे बीज त्यात आहे आणि नाव श्री. ना. पेंडशांच्या कादंबरीवरून घेतलेले आहे, त्यामुळे आम्हां दोघांना तो घरचाच. पाऊस, चिखल, तो पडका वाडा, लोभाने पोखरलेला तो बाप, हे सारे मला मनापासून भावले. हस्तर प्रत्यक्ष आला तेव्हा मात्र माझे अर्धे भय उतरले. मावसभाऊ म्हणाला, माझे तेव्हाच सुरू झाले. नेहमीप्रमाणे आम्ही रस्त्यातच भांडू लागलो, आणि भांडता भांडता मी त्याला, आईने मला अलीकडे सांगितलेली एक गोष्ट सांगून टाकली. विहिरीतली बाई कोणी परकी नव्हती. ती आजीची धाकटी बहीण. सासरहून परत आलेली. तिला वर काढली तेव्हा आजी काठावर उभी होती.

तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "म्हणजे तिनं तोंड पाहिलं होतं."

"हो."

"मला वाटायचं, तिला माहीत नाही म्हणून सांगत नाही."

थोडे पुढे गेल्यावर तो आपण होऊन बोलू लागला. त्याचे वडील गेले तेव्हा तो नऊ वर्षांचा होता. अपघात होता. वडीलधाऱ्यांनी मुलांना शेजाऱ्यांकडे नेऊन बसवले, खाऊ दिला, आणि सगळे आटोपल्यावर घरी आणले. पोराने नको ते पाहू नये, हाच हेतू. "अजून स्वप्नात येतात," तो म्हणाला, "आणि दर वेळी तोंड वेगळं असतं. एकदा पाहिलं असतं तर एकच राहिलं असतं."

ह्यावर मला काही बोलता आले नाही. आम्ही स्टेशनापर्यंत चालत गेलो. यंदा गणपतीत तो आजोळी आला होता. विहिरीवर आता लोखंडी जाळी आहे आणि पाणी पंपाने वर येते. रात्री वीज गेली तेव्हा त्याच्या धाकट्या मुलीने आम्हांला गोष्ट सांगायला लावली. मी विहिरीतल्या बाईची सुरू केली. कळशी वर आली, हात दिसले, केस दिसले, तिने तोंड वर केले, आणि मी थांबलो. मुलीने विचारले, "कसं होतं?" मी मावसभावाकडे पाहिले. तो तिला जवळ घेऊन म्हणाला, "आपल्या घरातल्यासारखंच होतं गं. ओलं झालं होतं, एवढंच." ती थोडा वेळ विचार करीत राहिली आणि त्याच्याच मांडीवर झोपी गेली. मला मात्र त्या रात्री पांघरूण डोक्यावर घ्यावे लागले.